सिव्हिलायझेशन मालिका : प्रकाशनक्रम आणि देखभाल

‘सिव्हिलायझेशन’ ही पाळीपाळीने खेळायच्या व्हिडिओ गेमची अमेरिकी मालिका असून तिचा पहिला भाग सिड मायर व ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोझ कंपनीत १९९१ मध्ये तयार केला. तिसऱ्या भागापासून निर्मिती फिरॅक्सिस या स्टुडिओकडे आहे. पुढचा भाग कधी येणार आणि हातातला भाग कंपनी किती काळ सांभाळणार, हे दोन्ही प्रश्न या मालिकेत एकमेकांत गुंतलेले आहेत.

पुढचे भाग १९९६, २००१, २००५, २०१०, २०१६ आणि २०२५ साली आले. पहिल्या सहा भागांमधले अंतर चार ते सहा वर्षांचे होते, त्यामुळे ‘पाच वर्षांनी नवा भाग’ हा ठोकताळा रूढ झाला. तिसरा ते सहावा हे चारही भाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आल्याने महिन्याचाही अंदाज बांधला जाई. सातव्या भागाने दोन्ही मोडले. तो सव्वाआठ वर्षांनी, फेब्रुवारीत आला.

नुसत्या वर्षांच्या हिशेबापेक्षा एक्स्पान्शनचा, म्हणजे मूळ खेळात भर घालणाऱ्या विस्तारांचा, क्रम अधिक बोलका आहे. चौथ्या भागाला ‘वॉरलॉर्ड्स’ (२००६) आणि ‘बियाँड द स्वॉर्ड’ (२००७), पाचव्याला ‘गॉड्स अँड किंग्ज’ (२०१२) आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०१३) अशी दोन-दोन मोठी एक्स्पान्शन मिळाली. दुसरे आले की त्या भागाचे मोठे काम संपले, असा अर्थ खेळाडू काढत आणि तो बहुधा बरोबर ठरे. तरीही त्यानंतर लगेच पुढचा भाग येईलच असे नव्हे. २०१४ मध्ये स्टुडिओने परग्रहावर घडणारा ‘बियाँड अर्थ’ हा वेगळा खेळ काढला, सहावा भाग त्यानंतर दोन वर्षांनी आला.

सहाव्या भागाने हा संकेतही बदलला. ‘राइज अँड फॉल’ (२०१८) आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ (२०१९) यांवर न थांबता मे २०२० पासून ‘न्यू फ्रंटियर पास’मधून नव्या संस्कृती व खेळप्रकार हप्त्याहप्त्याने दिले गेले. २०२२-२३ मध्ये ‘लीडर पास’ आला. जुना भाग इतका जिवंत राहिला, तर नव्याची निकड कमी होते. देखभाल लांबली की प्रकाशनही लांबते, हे गणित अंदाज बांधणाऱ्याने आधी मांडायला हवे.

कंपनीची घोषणाही सावधपणे वाचावी लागते. सहाव्या भागाची घोषणा मे २०१६ मध्ये झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो विक्रीला आला. सातव्यावर काम सुरू असल्याचे मात्र फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितले गेले, प्रत्यक्ष प्रकाशन दोन वर्षांनंतर झाले. प्रकाशनाच्या वेळी त्याच्या मांडणीवर आणि युग बदलण्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. पुढच्या पॅचमध्ये स्टुडिओला नवी भर घालण्याबरोबर दुरुस्त्यांकडेही लक्ष द्यावे लागले.

अधिकृत देखभाल थांबली म्हणून खेळ संपत नाही. चौथ्या व पाचव्या भागांच्या खेळनियमांचा सोर्स कोड फिरॅक्सिसने खुला केला, ही या मालिकेतली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट. त्यामुळे हौशी मॉडर्सना, म्हणजे खेळात स्वतः बदल (मॉड) करणाऱ्यांना, नियमांच्या मुळाशी हात घालता आला. पाचव्या भागाचा ‘व्हॉक्स पॉप्युली’ हा मॉड कंपनीचे काम थांबल्यानंतरही अनेक वर्षे सुधारला जात राहिला.