चाल म्हणजे कवितेचे वाचन : पेणचे यशवंत देव

गणेशमूर्तींसाठी ख्यात असलेल्या पेण गावी, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, १ नोव्हेंबर १९२६ रोजी यशवंत देव यांचा जन्म झाला. संगीतकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्याकडे कवितेचे भाष्यकार म्हणूनही पाहावयास हवे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ख्यालाच्या बंदिशीत शब्द मोजके. रागविस्तार हेच तिचे प्रयोजन. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर एखाद्या जुन्या चिजेचा ‘चाल’ म्हणून निर्देश असे; म्हणजे सूर आधी, शब्द मागाहून. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) यांच्या काळात रंगभूमी ही गायकाची मैफलच झाली. पुढे ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांनी भावगीत घरोघर नेले. ध्वनिक्षेपकामुळे हलक्या आवाजातला शब्दही कानी पडू लागला. आकाशवाणीत काम केलेल्या देवांनी या पालटाला विचाराची बैठक दिली. त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘शब्दप्रधान गायकी’.

तीन रचना मुद्दाम ऐकाव्यात. पहिली, कवी अनिल यांची ‘कुणी जाल का’. रात्री गाणाऱ्या कोकिळाला गप्प करण्याची ही विनवणी गातात वसंतराव देशपांडे, म्हणजे तानेच्या आक्रमकतेसाठी गाजलेला गायक. गाणे नको म्हणणारे हे गाणे, म्हणून त्यातला संयम हाच त्याचा अर्थ. दुसरी, ज. के. उपाध्ये यांची ‘विसरशील खास मला’, स्वर आशा भोसले यांचा. येथे ‘खास’ या शब्दाकडे कान द्यावा : तो तक्रारीचा की खात्रीचा, हा प्रश्न वाचकाला पडतो तसाच श्रोत्यालाही. तिसरी, लता मंगेशकरांनी गायिलेली ‘जीवनात ही घडी’. तिचे शब्दही देवांचेच. त्यामुळे कवी आणि भाष्यकार येथे एकच.

या यशाला दुसरी बाजूही आहे. अनिल किंवा उपाध्ये आज अनेकांना चालीतूनच भेटतात आणि चालीने केलेला अर्थ हाच कवितेचा एकमेव अर्थ वाटू लागतो. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी देव गेले. त्यांच्या विचाराशी इमान राखायचे, तर वर्गात कविता आधी मोठ्याने वाचावी, विद्यार्थ्यांनी तिचा आपापला अर्थ लावावा आणि मगच गाणे लावावे. तेव्हा देवांनी कोणता शब्द निवडला आणि कोणता सोडला, हे कळू लागते.