वर्डमधली मराठी फाइल इंग्रजी दिसतेय? डिलीट करू नका!

कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला, वर्डमध्ये जुनी फाइल उघडली आणि मराठी अर्जाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! 'फाइल करप्ट झाली' म्हणून काहीजण ती उडवूनच टाकतात. वाटणीपत्राचा मसुदा, बचत गटाचे ठराव असे हकनाक जातात.

मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आतून इंग्रजी अक्षरांचीच असते. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो.

आधी फाइलची कॉपी करून ठेवा. मजकुरावर क्लिक करून 'होम'मध्ये फॉन्टचं नाव पाहा. फॉन्ट नसला तरी नाव तिथं दिसतं. जिथं टाइप केलं त्या सेंटरवरून तोच फॉन्ट पेनड्राइव्हवर आणा, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' करा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

'सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावा' हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. मंगल युनिकोड फॉन्ट आहे. त्यानं मराठी दिसणार नाही, उलट जुन्या फॉन्टचं नाव पुसलं जाईल. युनिकोड हवंच असेल तर कन्व्हर्टर वापरा. मात्र नंतर गट नंबर, रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासा. कृतिदेवमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, गडबड तिथंच होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पीडीएफ करा; समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षरं मराठीच दिसतात.