जिप्सम बोर्डाचे काम (बालाघाट)

जिप्समचा गाभा आणि दोन्ही अंगांना जाड कागद असलेल्या तयार पाट्या लोखंडी पत्र्याच्या चौकटीवर स्क्रूने बसवून घरात आडभिंत किंवा स्लॅबखाली दुसरे छत उभारणे, आणि अशा बांधणीची डागडुजी करणे. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये अशा पाटीचे पेटंट घेतले. पुढे तिथल्या घरांच्या आतल्या भिंती सरसकट याच पाट्यांच्या होऊ लागल्या आणि त्या कामाला ड्रायवॉल म्हणू लागले. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात पक्क्या घराच्या भिंती सहसा विटांच्याच असतात. बोर्ड येतो तो फॉल्स सीलिंग, दुकानातले पार्टिशन किंवा मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करण्यासाठी.

वैनगंगेकाठचा हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. राज्य बदलले, तरी गोंदिया आणि नागपूरशी असलेले नाते तुटले नाही. वारासिवनी, लांजी या भागांत मराठी आजही ऐकू येते. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि जूनच्या मध्यापासून पाऊस मुक्कामाला येतो. हा पाऊसच इथल्या बोर्डाच्या कामाची खरी परीक्षा घेतो. साधा बोर्ड ओल सहन करत नाही: कागद सुटतो, गाभा मऊ पडतो, छताला पोट येते. म्हणून न्हाणीघर, मोरी आणि स्वयंपाकघराच्या ओल्या बाजूला हिरव्या कागदाचा ओलरोधक बोर्ड वापरतात. तोही थेट पाणी पडणाऱ्या जागेसाठी नसतो. स्लॅब गळत असेल, तर आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि मगच सीलिंग, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटवू नये.

बोर्डाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे हलकेपणा. साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड दोन्ही अंगांना एकेरी लावलेले पार्टिशन दर चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत त्याच्या जवळजवळ दहापट असते. वरच्या मजल्यावर, खाली बीम नसलेल्या जागी खोली पाडायची असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. दुसरा गुण आगीच्या वेळी कळतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग स्फटिकात बांधलेले पाणी असते. ताप वाढला की ते वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ उष्णता पलीकडे जाऊ देत नाही.

हे काम करणाऱ्याला गावात सहसा पीओपीवाला म्हणूनच हाक मारतात. पण पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) ओले काम आणि बोर्डाचे कोरडे काम यांचे कसब वेगळे आहे. पहिल्यात हात गिलाव्याचा लागतो, दुसऱ्यात माप आणि जोडणीचा. हा कारागीर गवंडी आणि सुतार यांच्या मधला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आणि सुतार आहेत, बोर्डवाला नाही. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी त्याला मिळू शकते. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारासाठी ती आहे. ती कल्याणासाठी असते, कौशल्याची पावती नव्हे. कौशल्य पाहायचे तर त्याने केलेले आणि निदान एक पावसाळा काढलेले काम पाहावे. दिवाळीत झालेले छत आषाढ उलटल्यावर कसे दिसते, हे त्या घरच्यांना विचारावे.

चांगला मिस्त्री ओळखण्याची खरी वेळ बोर्ड चढण्याआधीची. उघडी चौकट मालकाने स्वतः पाहावी. सीलिंगमध्ये मुख्य चॅनेल साधारण चार फुटांवर आणि त्यांना आडवे जाणारे सेक्शन दीड फुटावर असतात. खर्च वाचवायचा म्हणून हे अंतर वाढवले, की दोन वर्षांत बोर्ड झुकतात. स्क्रूचे डोके कागद न फाडता पृष्ठभागाच्या किंचित आत बसले पाहिजे. सांध्यावर नुसती पुट्टी ओढणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. तिथे कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे थर लागतात, आणि प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. पावसाळ्यात वाळायला वेळ जास्त जातो. घाईच्या कामाची भेग रंगातूनही डोके काढते.

पंख्याचे वजन बोर्डावर कधीच येऊ नये. हूक स्लॅबमध्येच हवा. एसी किंवा टीव्ही टांगायच्या जागी पार्टिशनच्या आत आधीच प्लायची पट्टी बसवून घ्यावी. वायरिंगही बोर्ड बंद होण्याआधीच पूर्ण करावे.

दर स्क्वेअर फुटावर ठरतो, आणि भांडणही तिथूनच सुरू होते. सीलिंगच्या खाली उतरलेल्या उभ्या पट्ट्या, कोव्ह, लाइटची भोके, कॉर्निस हे मोजमापात धरायचे की रनिंग फुटाने वेगळे, हे आधी लिहून घ्यावे. दर मालासह की नुसत्या मजुरीचा, बोर्ड आणि चॅनेल कोणत्या कंपनीचे, प्रायमर कोणाकडे, मलबा कोण उचलणार, याची नोंदही त्याच कागदावर हवी. पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत. सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तिथे तो कागद आणि बिल हाच मुख्य पुरावा.

दुरुस्तीत खिळ्याचे भोक कंपाउंडने भरते. मुठीएवढे भोक पडले, तर भोवतालचा भाग चौकोनी कापून मागे आधाराची पट्टी लावतात, त्या मापाचा तुकडा स्क्रूने बसवतात, मग टेप, कंपाउंड, घासणी आणि प्रायमर. भिजून फुगलेला बोर्ड मात्र वाळवून वाचत नाही. तो काढूनच टाकावा लागतो. जंगलाला लागून असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट तपासावी. वाळवीला जिप्सम नको असते, पण कागद आवडतो. जमिनीलगत मातीची बारीक नळी दिसली, तर आधी वाळवीचा उपचार करावा. नव्या पार्टिशनचा बोर्डही फरशीपासून साधारण एक सेंटिमीटर वर ठेवून स्कर्टिंगने झाकावा, म्हणजे फरशी पुसतानाचे पाणी कागद वर शोषून घेत नाही.