वसाहतकाळातील उद्योग-उत्तेजन : सवलत सरकारची, हुकूम लंडनचा

नव्या उद्योगाला सरकारने हात द्यावा काय, द्यायचा तर कर्जाच्या रूपाने, खरेदीच्या हमीने की जकातीच्या भिंतीने, हा वाद आजचा नाही. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या सरकारी कचेऱ्यांत तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. ब्रिटिश राजवटीने देशी उद्योगांसाठी काहीच केले नाही, असे एका बाजूने म्हटले जाते. आधुनिक उद्योगांचा पाया तिनेच घातला, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. प्रत्यक्ष इतिहास या दोन्ही विधानांत बसत नाही. उत्तेजनाचे बहुतेक सारे प्रकार त्या काळात वापरून पाहण्यात आले. ते कोठे फळले आणि कोठे फसले, हे मुख्यतः निर्णय कोणाच्या हाती होता यावर ठरले.

न्यायमूर्ती रानडे यांचा आग्रह

सरकारने उद्योगात पडू नये, हे इंग्लंडमधील खुल्या व्यापाराचे तत्त्व १८५८ नंतर भारतात राज्यकारभाराचे सूत्र म्हणून स्वीकारले गेले. त्याला पुण्यातून पद्धतशीर आव्हान दिले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेपुढे त्यांनी डच ईस्ट इंडिजमधील, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील, व्यवस्थेचे विवेचन केले. जावामध्ये १८३० पासून डच सरकार साखर कारखानदारांना आगाऊ रकमा देत असे आणि तयार माल विकत घेण्याची हमीही देत असे. त्या पद्धतीत जावातील शेतकऱ्यांवर मोठी सक्ती झाली, हे नाकारता येत नाही. रानडे यांचा रोख मात्र भांडवल आणि बाजारपेठ यांच्या हमीकडे होता. परकी सत्ता असूनही डच सरकार हे करू शकते, तर हिंदुस्थान सरकारने का करू नये, हा त्यांचा सवाल होता.

त्या वेळी कल उलट दिशेचा होता. १८९६ मध्ये आयात कापडावरील जकात साडेतीन टक्के करण्यात आली आणि तेवढाच अबकारी कर देशी गिरण्यांच्या कापडावर बसविण्यात आला. लँकेशायरच्या मालाला तोटा होऊ नये, हा त्यामागील उघड हेतू होता. मुंबईच्या गिरण्यांवरील हा कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला व १९२६ मध्ये रद्द झाला. उत्तेजन तर दूरच, उलट बोजा, असा हा तीस वर्षांचा काळ होता.

मद्रासचा प्रयोग आणि मोर्ले यांचा खलिता

सरकारी उत्तेजनाचा पहिला नेटका प्रयोग मद्रास इलाख्यात झाला. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी तयार करण्यास प्रारंभ केला. धातूचे पत्रे आयात करायचे, स्थानिक कारागिरांना शिकवायचे, मालाला गिऱ्हाईक आहे हे दाखवून द्यायचे आणि मग धंदा खासगी भांडवलाकडे सोपवायचा, अशी ही पद्धत होती. अ‍ॅल्युमिनियमचा धंदा काही वर्षांतच खासगी कंपनीकडे गेला. क्रोम पद्धतीने कातडे कमावणे आणि तेलाच्या इंजिनावर विहिरीचे पाणी उपसणे, हे प्रयोगही याच धर्तीवर झाले. १९०८ मध्ये उटकमंड येथे औद्योगिक परिषद भरली आणि मद्रास सरकारने स्वतंत्र उद्योग खाते उभे केले.

या यशामुळेच विरोध उभा राहिला. सरकार खासगी धंद्याशी स्पर्धा करते, अशी मद्रासमधील युरोपीय व्यापाऱ्यांची तक्रार होती. भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी २९ जुलै १९१० च्या खलित्याने या धोरणाला लगाम घातला. सरकारी पैसा औद्योगिक शिक्षणावर खर्च करावा, व्यापारी तत्त्वावर कारखाने चालविण्यावर नव्हे, असा त्याचा आशय होता. उदारमतवादी म्हणून भारतात ज्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या, त्याच मंत्र्याच्या सहीने हा निर्णय झाला.

चॅटर्टन १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानात उद्योग संचालक म्हणून गेले. त्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथे दिवाण झाले. जे ब्रिटिश इलाख्यात नाकारले गेले, ते संस्थानी मुलखात घडू लागले. महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाचा जर्मनीशी असलेला व्यापार बंद पडताच म्हैसूरने १९१६ मध्ये स्वतःचे चंदनतेल काढण्यास सुरुवात केली. पाठोपाठ १९१८ मध्ये सरकारी साबण कारखाना निघाला. तज्ज्ञ तोच होता, पद्धतही तीच होती. निर्णय मात्र म्हैसुरात होत होता.

खरेदीची हमी

उत्तेजनाचा सर्वांत परिणामकारक मार्ग बहुधा सर्वांत साधा होता. तो म्हणजे सरकारने माल विकत घेणे. रेल्वे, पाटबंधारे आणि लष्कर यांना लागणाऱ्या सामानाची मोठी खरेदी लंडनमधील इंडिया ऑफिसमार्फत होत असे. दर्जा व किंमत समान असल्यास देशी मालाला प्राधान्य द्यावे, असे नियम १८८० च्या दशकातच झाले होते. तथापि मागणीपत्रे लंडनला जात, निविदा तेथे उघडल्या जात आणि देशी कारखानदाराला त्याची वार्ताही नसे. नियम कागदावर राहिला तो यामुळे.

टाटांच्या पोलाद कारखान्याला मिळालेली हमी हा ठळक अपवाद होय. दरवर्षी २० हजार टन रूळ, आयात मालाच्या भावाने, दहा वर्षे विकत घेण्याचे सरकारने मान्य केले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, भांडवल देशातच उभे राहिले आणि १९१२ मध्ये साकची येथे पोलाद तयार होऊ लागले. या हमीत सरकारच्या तिजोरीतून जादा पैसा जाणार नव्हता. गिऱ्हाईक निश्चित आहे, एवढाच दिलासा त्यात होता, आणि नव्या कारखान्याला तेवढाच हवा होता.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला, तेव्हा या धोरणाचे महत्त्व सरकारलाही कळले. १९१६ मध्ये सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. दोराबजी टाटा, फाजलभाई करीमभाई, राजेंद्रनाथ मुखर्जी आणि पंडित मदनमोहन मालवीय हे त्याचे भारतीय सदस्य होते. चॅटर्टनही त्यात होते. १९१८ च्या अहवालाने सरकारने औद्योगिक विकासात सक्रिय भाग घ्यावा, असे प्रथमच स्पष्टपणे मांडले. जकातीचा प्रश्न मात्र आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला होता. मालवीय यांनी जपान व जर्मनीचे दाखले देत स्वतंत्र टिपण जोडले. पुढे १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि १९३१ पासून भारतातच रुपयांत निविदा मागविण्याचे तत्त्व लागू झाले. नियम झाल्यापासून यंत्रणा उभी राहीपर्यंत सुमारे पन्नास वर्षे गेली होती.

खाते मंत्र्याकडे, तिजोरी दुसरीकडे

१९१९ च्या सुधारणा कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली आणि उद्योग हे प्रांतांतील 'सोपीव' खाते झाले. म्हणजे ते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. वित्त खाते मात्र राखीव राहिले. मद्रासने १९२२ मध्ये, बिहार व ओरिसाने १९२३ मध्ये उद्योगांना सरकारी साह्य देणारे कायदे केले. पंजाबने औद्योगिक कर्जांचा कायदा केला. संचालक, सल्लागार मंडळे, कर्जाचे नियम अशी यंत्रणा उभी राहिली. पण मंत्र्याच्या हाती पुरेसा पैसा नव्हता आणि औद्योगिक आयोगाने सुचविलेली अखिल भारतीय औद्योगिक सेवाही अस्तित्वात आली नाही.

जकातीची भिंत

केंद्रात याच सुमारास दुसरे दार उघडले. मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ मध्ये 'विवेचक संरक्षणा'ची शिफारस केली. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ अशक्य वा अतिमंद असावी आणि पुढे त्याने जागतिक स्पर्धेत स्वबळावर उभे राहावे, या तीन कसोट्या ठरल्या. या अटी फार जाचक आहेत, असे मत स्वतः अध्यक्षांसह पाच सदस्यांनी भिन्न टिपणात नोंदविले. १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड नेमले गेले आणि १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला जकात व उत्पादन-अनुदान असे दुहेरी साह्य मिळाले.

या कायद्यातील एक तरतूद आजही वाचण्याजोगी आहे. अनुदान घेणाऱ्या कंपनीने भारतीयांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची सोय करावी आणि नव्या कंपनीची नोंदणी भारतात, भांडवल रुपयांत व संचालक मंडळात भारतीयांचा ठरावीक हिस्सा असावा, अशा अटी त्यात होत्या. जकातीला अशी अट जोडता येत नाही. भिंतीच्या आत जो येईल त्याला ती संरक्षण देते. आगपेटी उद्योगात याचा प्रत्यय आला. आयात आगपेट्यांवरील जबर जकातीनंतर स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये 'विमको' स्थापन केली आणि मुंबईजवळ अंबरनाथला कारखाना काढला. माल देशी झाला, मालकी परदेशीच राहिली.

तीन कसोट्यांचा काच काच उद्योगाला बसला. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला होता. अशा कारखान्यांच्या या उद्योगाला टॅरिफ बोर्डाने १९३२ मध्ये अनुकूलता दर्शविली; पण सोडा अ‍ॅश हा कच्चा माल देशात मिळत नाही, या कारणास्तव सरकारने १९३५ मध्ये संरक्षण नाकारले. आयात सोडा अ‍ॅशवरील जकातीत सवलत देऊन बोळवण करण्यात आली.

साखरेचे चित्र नेमके उलटे होते. १९३२ च्या कायद्याने हंड्रेडवेटमागे ७ रुपये ४ आणे जकात कायम झाली. तेव्हा देशात सुमारे ३२ आधुनिक साखर कारखाने होते; पाच वर्षांत ती संख्या १३० च्या वर गेली. दख्खनच्या कालव्यांवर ऊस आधीपासून होताच. १९३० च्या दशकात रावळगाव, वालचंदनगर आणि माळीनगर येथील कारखाने उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना निघाला, तेव्हा साखरधंद्याला दीड दशकाहून अधिक काळाचा अनुभव मिळालेला होता.

वारसा

स्वातंत्र्यानंतर उद्योग संचालनालये, सरकारी खरेदीतील प्राधान्य, औद्योगिक कर्जे आणि टॅरिफ बोर्डाची चौकशीपद्धती हा सांगाडा बव्हंशी तसाच स्वीकारला गेला. महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. बदलली ती निर्णयाची जागा. मद्रासचा प्रयोग एका खलित्याने थांबला आणि टाटांचा कारखाना दहा वर्षांच्या हमीने उभा राहिला, या दोन घटनांतील धडा मात्र जुना झालेला नाही. सवलतीची रक्कम किती, यापेक्षा ती किती काळ टिकेल आणि तिच्या मोबदल्यात काय मागितले जाईल, हे उद्योजकाला व करदात्याला आधी ठाऊक असणे अधिक मोलाचे ठरते.