भुकेचा कारभार



कामगार चळवळीत माझे आयुष्य गेले. शरीरशास्त्र शिकलो ते रात्री वाचनालयात बसून. आज हा विषय घेण्याला कारण आहे. आमच्या युनियनमधील एका स्थूल सोबत्याला सारे ‘खादाड’ म्हणत. चार माणसांत एकदा मीही म्हणालो. तो हसला, पण पुन्हा कधी आमच्यात डबा उघडून बसला नाही.

१९४० साली हेदरिंग्टन व रॅन्सन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, ठरावीक जागी इजा केली. ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ साली येल विद्यापीठात आपले बालकृष्ण आनंद आणि ब्रोबेक यांनी त्याच्या बाजूचा भाग नष्ट केला, तर उंदरांनी खाणेच सोडले. म्हणजे भूक जाणवते पोटात, पण तिचा कारभार चालतो मेंदूत.

मग चरबीचा साठा किती, हे मेंदूला कळते कसे? अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचे दोन आनुवंशिक वंश होते. डग्लस कोलमन यांनी एकेका लठ्ठ उंदराचे रक्ताभिसरण धडधाकट उंदराशी जोडले. पहिल्या वंशाचा उंदीर कमी खाऊ लागला. दुसऱ्या वंशाचा लठ्ठच राहिला. उलट त्याचा धडधाकट जोडीदार उपाशी मेला! कोलमन यांनी ताडले : पहिल्याकडे तृप्तीचा निरोपच नाही, दुसऱ्याकडे निरोप भरपूर, पण तो घेणारा ग्राही नाही.

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्या निरोपाचे जनुक शोधले. चरबीतूनच निघणाऱ्या त्या संप्रेरकाला ‘लेप्टिन’ नाव मिळाले. १९९५ साली त्याचा ग्राही सापडला. १९९८ साली ब्रिटन व फ्रान्समधील संशोधकांनी मेंदूतील ‘मेलॅनोकॉर्टिन-४’ ग्राहीतील दोषामुळे माणसेही लठ्ठ होतात, हे दाखवले.

असा एकाच जनुकाचा दोष थोड्यांतच असतो. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. अर्ज पोचला, पण कचेरीने दखल घेतली नाही, हे आम्हां कामगारांना वेगळे सांगायला नको. आहार, झोप, कामाची पाळी यांचाही वाटा आहेच. पण निव्वळ आळस आणि हावरेपणा, हा निवाडा आता टिकत नाही.

त्या सोबत्याची मी पुढे माफी मागितली. ती मागायला मला फार वर्षे लागली.