नोकरी सांभाळून मोबाइल ॲप: मालकी कुणाची, खर्च किती आणि पैसे येतात कुठून?

स्वतःचे मोबाइल ॲप तयार करून जगभरातल्या लोकांना विकण्यासाठी आज कंपनी काढावी लागत नाही, की कार्यालय भाड्याने घ्यावे लागत नाही. एक लॅपटॉप, इंटरनेट आणि रोजचे एक-दोन तास एवढ्यावर अनेकजण हे काम करतात. दिवसा नोकरी आणि रात्री किंवा शनिवार-रविवारी स्वतःचे ॲप, अशी ही विभागणी असते. मात्र यातला अवघड भाग बहुतेकदा कोडिंगचा नसतो. ॲपवर हक्क कुणाचा, पैसे नेमके कोण देणार आणि पुढची काही वर्षे ॲपची देखभाल कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधली नाहीत, तर चांगले चाललेले ॲपही डोकेदुखी ठरू शकते.

इंडी ॲप म्हणजे काय?

एकट्याने किंवा दोघातिघांनी, बाहेरचे भांडवल न घेता तयार केलेल्या ॲपला ‘इंडी ॲप’ म्हणतात. ‘इंडी’ हे इंग्रजीतल्या ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे छोटे रूप.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यावर सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी इथन निकोलस या अमेरिकी प्रोग्रामरने सन मायक्रोसिस्टिम्समधली नोकरी सांभाळून ‘आयशूट’ हा रणगाड्यांचा गेम तयार केला. लहान मुलाला एका हाताने सांभाळत त्याने रात्री हे काम केले. सुरुवातीला विक्री बेताचीच होती. जानेवारी २००९ मध्ये त्याने गेमची मोफत आवृत्ती काढली. ती खेळून पाहिलेले लोक पैसे देऊन पूर्ण गेम घेऊ लागले. गेम यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा एका दिवसाची कमाई ३७ हजार डॉलर झाली आणि निकोलसने नोकरी सोडली.

व्हिएतनाममधल्या हनोईच्या डाँग न्गुएनचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. टॅक्सींच्या उपकरणांसाठी प्रोग्रामिंग करण्याची नोकरी करत असताना त्याने ‘फ्लॅपी बर्ड’ हा गेम लिहिला. मे २०१३ मध्ये आलेला हा गेम काही महिने दुर्लक्षित राहिला आणि मग अचानक जगभर पसरला. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळत असल्याचे त्याने सांगितले होते. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो स्वतःहून काढून टाकला. लोकांना त्याचे व्यसन लागले आहे आणि आपले साधे आयुष्य बिघडले आहे, असे त्याचे म्हणणे होते.

ही उदाहरणे अपवाद आहेत. आज दोन्ही स्टोअरवर लाखो ॲप आहेत आणि बहुतेक इंडी ॲपची कमाई नोकरीच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच नोकरी टिकवून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. महिन्याचा पगार येत असला की ॲपने लगेच पैसे मिळवावेत, अशी घाई राहत नाही.

ॲपवर हक्क कुणाचा?

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा आहे. या कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीतल्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्या संस्थेचा असतो. त्याहून वेगळा करार झालेला असेल तरच हे चित्र बदलते. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला आणि नोकरीतल्या कामाशी संबंध नसलेला कोड यात सहसा येत नाही. पण बऱ्याच कंपन्यांच्या करारनाम्यात याहून व्यापक कलमे असतात. नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने तयार केलेली प्रत्येक गोष्ट कंपनीची, असेही काही ठिकाणी लिहिलेले असते. त्यामुळे पहिली ओळ लिहिण्याआधी नियुक्तीपत्र काढून वाचणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न जोडकामाच्या परवानगीचा. २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे विप्रोने जाहीर केले, तेव्हा या विषयावर देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना कळवले की, कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा होत नसेल, तर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने बाहेरची छोटी कामे करता येतील. म्हणजे नियम प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. सरकारी नोकरीत तो अधिक कडक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही.

पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने खाते उघडण्याची पळवाट काहीजण काढतात. पण कोड प्रत्यक्ष कुणी लिहिला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. परवानगी लेखी घ्यावी, ईमेलवर मिळाली तरी चालते. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचे सॉफ्टवेअर आणि कामाची वेळ यांपैकी काहीही ॲपसाठी वापरू नये.

स्टोअरवर जाण्यासाठी काय लागते?

गुगल प्लेवर डेव्हलपर खाते उघडण्याचे शुल्क २५ डॉलर असून ते एकदाच भरावे लागते. ॲपलचे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. शिवाय आयफोनचे ॲप तयार करण्यासाठी ॲपलचे ‘एक्सकोड’ हे सॉफ्टवेअर लागते आणि ते मॅक संगणकावरच चालते. अँड्रॉइडसाठीचा ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ मात्र मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालतो. भारतातले बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइडचे असल्याने येथील नवशिके डेव्हलपर तिथूनच सुरुवात करतात. एकच कोड दोन्हीकडे चालावा, यासाठी गुगलचे ‘फ्लटर’ किंवा मेटाचे ‘रिॲक्ट नेटिव्ह’ वापरले जाते.

गुगलच्या दोन नियमांची माहिती अनेकांना उशिरा होते. पहिला चाचणीचा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला ही अट २० जणांची होती. २०२४ च्या अखेरीस ती १२ वर आली. या १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहणे आवश्यक असते. मित्र आणि नातेवाईक यांची यादी आधीच तयार असली, तर हे दोन आठवडे वाया जात नाहीत.

दुसरा नियम पत्त्याचा. वैयक्तिक खात्यावर डेव्हलपरचे कायदेशीर नाव सर्वांना दिसते. ॲप विकायचे किंवा ॲपमधून खरेदी सुरू करायची असेल, तर पूर्ण पत्ताही दिसतो. म्हणजे ऑफिसात कुणाला कळणार नाही, या भरवशावर हे काम करता येत नाही, आणि घरचा पत्ता जगजाहीर होणार हेही आधीच लक्षात घ्यावे लागते.

कोणते ॲप निवडावे?

हातात आठवड्याला आठ-दहा तास असतील, तर चॅट, सोशल मीडिया किंवा खाद्यपदार्थ घरपोच देणारे ॲप एकट्याच्या आवाक्यात येत नाही. अशा ॲपना सर्व्हर, ग्राहकसेवा आणि मोठी जाहिरात लागते. एकट्यासाठी योग्य ॲप म्हणजे एकच काम नीट करणारे, शक्यतो इंटरनेटशिवाय चालणारे आणि माहिती वापरकर्त्याच्याच फोनवर ठेवणारे. सर्व्हर नसला की दरमहा बिल येत नाही आणि रात्री दोन वाजता तो बंद पडण्याची भीतीही राहत नाही. लोकांची वैयक्तिक माहिती गोळा केली नाही, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अंतर्गत येणारी जबाबदारीही कमी होते.

विषय स्वतःच्या माहितीतला असावा. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफनुसार दर काढणे, भिशीचा हिशेब, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद, स्पर्धा परीक्षेची उजळणी, अशा कामांसाठी मोठ्या कंपन्या सहसा ॲप काढत नाहीत. वापरणारे थोडे असतात, पण त्यांची गरज रोजची असते. रोज उघडले जाणारे ॲप फोनवरून सहसा काढले जात नाही आणि त्यासाठी पैसे देण्याची तयारीही जास्त असते.

पैसे कसे मिळतात?

मुख्य मार्ग चार आहेत: ॲप विकत देणे, ॲपमधली एखादी सोय एकदाच पैसे घेऊन खुली करणे, मासिक किंवा वार्षिक वर्गणी, आणि जाहिराती.

पहिल्या तीन मार्गांत स्टोअर आपला हिस्सा कापून घेते. पूर्वी तो ३० टक्के असे. २०२१ पासून छोट्या डेव्हलपरांसाठी दोन्ही कंपन्यांनी तो १५ टक्क्यांवर आणला. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईला हा दर लागू होतो. इंडी डेव्हलपर त्या मर्यादेच्या खूप आत असतो. भारतात गुगल प्लेवर यूपीआयने पैसे भरता येतात आणि वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपेची सोयही आहे. त्यामुळे क्रेडिट कार्ड नसलेला ग्राहकही वर्गणी भरू शकतो.

जाहिरातींसाठी गुगलचे ‘ॲडमॉब’ सर्वाधिक परिचित आहे. जाहिरात किती वेळा दिसली, यावर कमाई ठरते आणि दर हजार वेळांमागे मोजला जातो. हा दर देशानुसार, विषयानुसार आणि जाहिरातीच्या प्रकारानुसार बदलतो. भारतातला दर अमेरिकेपेक्षा बराच कमी असतो.

एक काल्पनिक हिशेब पाहू. एखादे ॲप रोज १,००० जण वापरतात आणि प्रत्येकाला पाच जाहिराती दिसतात. म्हणजे रोज ५,००० वेळा जाहिरात दिसली. दर हजारी ३० रुपये धरला, तर दिवसाला १५० आणि महिन्याला सुमारे ४,५०० रुपये होतात. त्याच १,००० जणांपैकी २० जणांनी महिना ९९ रुपये वर्गणी भरली, तर १,९८० रुपये जमतात आणि स्टोअरचे १५ टक्के गेल्यावर, कर सोडून, सुमारे १,६८३ रुपये उरतात. वर्गणी भरणारे ६० असतील, तर ही रक्कम ५,०४९ होते, म्हणजे जाहिरातींच्या पुढे जाते. त्यामुळे लाखो लोक थोडा वेळ वापरतील असे ॲप जाहिरातींवर चालते, तर थोड्याच लोकांच्या रोजच्या कामाचे ॲप वर्गणीवर किंवा एकरकमी किमतीवर चालते. हे सुरुवातीलाच ठरवले, तर ॲपची रचनाही त्यानुसार करता येते.

ॲडमॉबचे पैसे खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय मिळत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या डेव्हलपरला ते साधारण दर दोन महिन्यांनी मिळतील. त्याआधी कमाई १० डॉलर झाली की पत्त्याच्या खात्रीसाठी टपालाने एक पिन येतो. स्वतःच्या ॲपमधल्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणे किंवा घरच्यांना, मित्रांना करायला सांगणे हा नियमभंग आहे. त्यामुळे खाते बंद होऊन जमलेली रक्कमही जाऊ शकते. चाचणी करताना गुगलने दिलेल्या नमुना जाहिरातीच वापराव्यात.

कराचे काय?

ॲपची नियमित कमाई ही व्यवसायाचे उत्पन्न धरली जाते आणि ती पगारात मिळवून कर भरावा लागतो. त्यामुळे पगारदारांचे नेहमीचे आयटीआर-१ हे विवरणपत्र चालत नाही. आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावे लागते. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर तो हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो. कंपनी फक्त पगारावर कर कापते, हे विसरल्याने अनेकांना शेवटी व्याज भरावे लागते.

सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. मात्र ग्राहक भारतातले की परदेशातले आणि पैसे कोणत्या देशातल्या कंपनीकडून आले, यावर नियम बदलतात. पहिली रक्कम खात्यात आल्यावर एकदा सीएकडे जाणे योग्य. लॅपटॉप, इंटरनेट आणि डेव्हलपर शुल्काच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात.

प्रकाशनानंतरचे काम

ॲप स्टोअरवर गेले की काम संपत नाही. गुगल दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची मुदत देते. ती पाळली नाही, तर अपडेट स्वीकारले जात नाहीत आणि पुढे नव्या फोनवर ॲप दिसेनासे होते. शिवाय नव्या फोनवर ॲप बंद पडल्याच्या तक्रारी येतात आणि एक तारा देणाऱ्या अभिप्रायांना उत्तरे द्यावी लागतात. वर्गणी घेतलेली असेल, तर ही जबाबदारी आणखी वाढते, कारण ग्राहकाने पुढच्या महिन्याचेही पैसे भरलेले असतात. म्हणून हातातल्या वेळापैकी निम्मा वेळ नव्या कामाला आणि निम्मा दुरुस्तीला, अशी विभागणी सुरुवातीपासून ठेवणे सोयीचे ठरते.

नोकरी कधी सोडावी?

एखाद्या महिन्याची मोठी कमाई हा निकष पुरेसा नाही. स्टोअरमधला क्रमांक घसरला किंवा जाहिरातींचे दर उतरले की कमाईही तितक्याच वेगाने खाली येते. किमान वर्षभराचे आकडे, कर भरून हातात उरलेली रक्कम आणि पगारासोबत मिळणारे भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा यांची किंमत एकत्र मांडून मगच निर्णय घ्यावा.

नोकरी न सोडताही ॲप उपयोगी पडते. त्यातून घराच्या कर्जाचा एखादा हप्ता सुटला, किंवा पुढच्या मुलाखतीत स्वतः उभे केलेले, लोक रोज वापरत असलेले काम दाखवता आले, तरी रात्रीच्या तासांचे चीज होते. त्यासाठी ॲप निर्विवादपणे स्वतःच्या नावावर असावे लागते. तेव्हा पहिले काम नियुक्तीपत्र वाचण्याचे, कोड त्यानंतर.