भिंत वजा खिडकी

भिंतीतली खिडकी ही एक वस्तू आहे, की वस्तूचा अभाव? प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण संगणकाला घर समजावून सांगण्याची वेळ आली, तेव्हा याच प्रश्नाने वास्तुविशारद, अभियंते आणि गणितज्ञ यांना सुमारे तीस वर्षे गुंतवून ठेवले. त्याच्या उत्तराचा संबंध शाळेतील संचांच्या धड्याशी आहे आणि भूकंपात घर सुरक्षित राहण्याशीही आहे.

बेरजेची भिंत, वजाबाकीची भिंत

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना करमाड लागते. मराठवाड्याच्या या भागातील जुन्या दगडामातीच्या घरांत भिंती चांगल्या जाड असत आणि त्यांत तऱ्हेतऱ्हेच्या पोकळ्या ठेवलेल्या असत. आपल्या भाषेने त्यांचे वर्गीकरण केव्हाच करून ठेवले आहे. दार, खिडकी, झरोका या आरपार पोकळ्या. कोनाडा, दिवळी, फडताळ या अर्धवट, म्हणजे मागे भिंत शिल्लक ठेवणाऱ्या पोकळ्या. हा भेद लक्षात असू द्यावा. पुढे संगणकालाही तो शिकावा लागला.

गवंडी भिंत रचतो ती बेरजेने. दगडावर दगड ठेवत जातो, खिडकीच्या जागी रचायचे थांबतो, वर आडवे लाकूड किंवा दगडी पट्टी टाकतो आणि पुन्हा रचू लागतो. पोकळी म्हणजे त्याने न रचलेला भाग.

याच्या नेमकी उलट रीत वेरूळला दिसते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले मानले जाणारे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवले आहे. तिथे भिंत कोणी रचलीच नाही. अखंड बेसाल्टमधून पोकळी काढून घेतल्यावर जे उरले ती भिंत, तो खांब आणि तो कोनाडा. ही निव्वळ वजाबाकी होय. तिच्यात एक कठोर अट आहे: एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. त्यामुळे कोणती पोकळी कुठे आणि किती खोल, याचा निर्णय छिन्नी लावण्यापूर्वीच व्हावा लागतो.

रेघांचा काळ

१९६३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' ही आज्ञावली तयार केली आणि माणूस संगणकाच्या पडद्यावर थेट आकृती काढू लागला. १९८२ च्या अखेरीस आलेल्या 'ऑटोकॅड'मुळे ही सोय छोट्या संगणकावर, म्हणून सामान्य वास्तुविशारदाच्या टेबलावर पोहोचली.

पण या चित्रांत भिंत म्हणजे दोन समांतर रेघा होत्या. खिडकी काढायची तर त्या रेघा मध्येच तोडायच्या आणि जागी खिडकीचे चिन्ह ठेवायचे. चिन्ह सरकवले तरी रेघांतली फट जुन्या जागीच राही. संगणकाच्या लेखी तिथे खिडकी नव्हतीच; फक्त रेघ नव्हती. नकाशा पाहणाऱ्या माणसाला अर्थ कळे, यंत्राला कळत नसे.

संचांची मदत

दरम्यान दुसरा एक विचार पुढे आला होता. १९७० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात इयन ब्रेड यांनी आणि अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर व ॲरिस्टिडिस रेक्विचा यांनी घन आकार संगणकात मांडण्याच्या पद्धती विकसित केल्या. भिंत हा बिंदूंचा संच 'अ' आणि खिडकीएवढा ठोकळा हा संच 'ब' मानला, तर खिडकी असलेली भिंत म्हणजे अ − ब. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल यांनी तर्कासाठी रचलेले बीजगणित असे भिंतीला भोक पाडण्याच्या कामी आले.

पण इथे एक अडचण होती. ती संख्यारेषेवर सहज दिसते. ० ते १० या रेषाखंडातून ४ ते ६ हा रेषाखंड टोकांसह वजा करा. काढलेल्या भागाबरोबर ४ आणि ६ हे बिंदूही गेले, म्हणून उरलेल्या दोन्ही तुकड्यांना आतल्या बाजूला टोकच राहिले नाही. खऱ्या भिंतीला मात्र खिडकीच्या जागी कड असतेच. उलट, दोन ठोकळे एकमेकांना नुसते टेकलेले असतील, तर त्यांचा छेद म्हणजे शून्य जाडीचा पापुद्रा येतो, आणि असा पापुद्रा जगात नसतो. रोचेस्टरच्या गटाने यासाठी नियम घातला: प्रत्येक क्रियेनंतर उत्तराचा फक्त आतला भाग घ्यायचा आणि त्याला नव्याने कड लावायची. यामुळे भोकाला कड मिळाली आणि पापुद्रे गळून पडले.

भोकाला नाव मिळाले

तरीही काहीतरी उणे होते. वजाबाकी झाल्यावर उरतो तो एक गुंतागुंतीचा घन. त्यातली कोणती पोकळी दार आणि कोणती कोनाडा, हे त्या घनाला ठाऊक नसते. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७४-७५ च्या सुमारास असे सुचवले की संगणकात रेखाचित्र साठवू नये, इमारतीचे वर्णन साठवावे: कोणते घटक आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय. 'आर्किकॅड' आणि २००० साली आलेली 'रेव्हिट' या आज्ञावल्या याच वाटेने गेल्या. त्यांत खिडकी भिंतीच्या आश्रयाने राहते. भिंत सरकवली की खिडकीही सरकते, भिंत पुसली की खिडकीही जाते.

१९९० च्या दशकात वेगवेगळ्या आज्ञावल्यांना एकमेकींची माहिती वाचता यावी म्हणून 'आयएफसी' नावाची सामाईक रचना आकाराला आली. २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १६७३९ झाली. तिच्यात पोकळी ही स्वतंत्र वस्तू आहे. एक नाते सांगते की ही पोकळी अमुक भिंतीतून वजा करा. दुसरे नाते सांगते की अमुक दार ही पोकळी भरते. दार काढून टाकले तरी पोकळी शिल्लक राहते, घरात राहते तशीच. शिवाय पोकळी आरपार की अर्धवट, याचीही नोंद होते. खिडकी आणि कोनाडा हा आपल्या आज्यांचा भेद असा संगणकात उतरला.

याने काय साधते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. तिथली घरे कोसळली ती मुख्यतः मातीत रचलेल्या सुट्या दगडांच्या जाड भिंती आणि मातीची जड छते यांमुळे. पण विटांच्या नव्या बांधकामात पोकळ्यांचे प्रमाण आणि जागा यांनाही फार महत्त्व असते. १९९३ मध्येच सुधारून निघालेले भारतीय मानक क्रमांक ४३२६ याविषयी मर्यादा घालते. अधिक धोक्याच्या वर्गातील एकमजली इमारतीत, दोन आडव्या भिंतींमधल्या लांबीच्या ५० टक्क्यांहून अधिक रुंदी दारे-खिडक्यांना देऊ नये. दोनमजलीत ४२ आणि तीन-चार मजलीत ३३ टक्के. पोकळी आतल्या कोपऱ्यापासून निदान ४५० मिलिमीटर दूर असावी.

हे नियम पोकळ्यांविषयी आहेत. पोकळी म्हणजे तुटलेली रेघ असेल, तर यंत्र ते तपासू शकत नाही. पोकळीला नाव, रुंदी, खोली आणि जागा असेल, तर क्षणात तपासू शकते. मात्र ते सांगेल आकाराविषयी. भिंतीच्या पोटात माल कसा भरला आहे, हे गवंड्याजवळ उभे राहूनच पाहावे लागते.

वर्गात करण्याजोगे

करमाडच्या एखाद्या शाळेची एकमजली खोली कल्पा. भिंत ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, ०.४५ मीटर जाड. एक दार १ × २ मीटर, दोन खिडक्या प्रत्येकी १ × १.२ मीटर, आणि एक कोनाडा ०.६ × ०.६ मीटर, खोली ०.२ मीटर. सगळी भिंत ८.१ घनमीटर. आरपार पोकळ्या ४.४ × ०.४५ = १.९८, कोनाडा ०.०७२, उरले ६.०४८ घनमीटर. दार-खिडक्यांची रुंदी ३ मीटर, म्हणजे नेमकी ५० टक्के. आता मुलांना विचारा: खिडक्या १.२ मीटर रुंद केल्या तर? रुंदी ३.४ मीटर होते आणि नियम मोडतो. मग आपल्या वर्गाच्या भिंती टेपने मोजू द्या. प्रत्येक पोकळीसाठी एक ओळ लिहायची: कोणत्या भिंतीत, आरपार की अर्धवट, किती रुंद, किती खोल, कोपऱ्यापासून किती दूर, आणि तिच्यात काय बसवले आहे. अशी वही पूर्ण झाली की संगणकाला शिकायला तीस वर्षे लागलेली गोष्ट मुलांच्या हाती आलेली असेल.